कोणाला काही खटकलं?

कर्नलसाहेब पहिल्या दिवशी आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही, अशी एक गोष्ट आमच्या दवाखान्यात अजून सांगतात. नवीन नर्स आली की तिला पहिल्या चहाबरोबर ती ऐकवली जाते. ती खोटी आहे. मी त्यांना चांगलं ओळखलं होतं.

एसटीतून उतरलेला उंच, वाळका माणूस. खांद्यावर होल्डॉल, हातात काडतुसांची हिरवी लोखंडी पेटी. चंद्रपूरहून मूल गावाकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर असा दुसरा कोण उतरणार? दोनच दिवस आधी संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून सांगितलं होतं की सर्जरीचे नवे प्रमुख येताहेत, फौजेतून निवृत्त झालेत, मोठा माणूस आहे. मी ओपीडीत बसलो होतो. ते दारात आले. मी मान वर केली, त्यांना नीट पाहिलं आणि म्हणालो, "रांगेत या."

ते रांगेत उभे राहिले. पुढे पंधरा-वीस माणसं असतील. त्या दिवशी मी प्रत्येकाला जरा जास्तच वेळ तपासलं. शेवटी त्यांचा नंबर आला. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही पोट तपासताना आधी न दुखणाऱ्या बाजूला हात लावता. फार छान. फौजेत पोरांना हे शिकवता शिकवता माझे केस गेले."

म्हणजे दीड तास हा माणूस माझं काम बघत उभा होता. मी शिक्षा देत होतो आणि तो मजेत होता. तिथून जे सुरू झालं ते सहा वर्षं चाललं.

आमचा दवाखाना माजी सैनिकांचा. एका ट्रस्टनं चालवलेला, लांबलचक कौलारू इमारत, मागे सागाची झाडं. निवृत्त जवान, त्यांच्या बायका, आईबाप यांच्यासाठी खाटा राखलेल्या, आणि खाट रिकामी असली की आजूबाजूच्या जंगलातल्या गावांतून येईल त्याच्यासाठी. नव्वदच्या दशकात या भागात पोट उघडणारा सर्जन शोधायला लोक नागपूर गाठायचे. मी नागपूरलाच शिकलेलो, तिथंच राहू शकलो असतो. पण माझे बाप तलावावर जाळं टाकायचे आणि माय सिंदेवाहीच्या बाजारात मासोळ्या विकायची. मोठ्या शहरात माझ्यासारख्याला वीस वर्षं कोणाच्या तरी मागे उभं राहून जखम उघडी ठेवणारा हूक धरावा लागतो, हे मला कळत होतं. म्हणून मी इकडे आलो, आणि येताना सौदा करून आलो.

सौदा मला येतो. मायच्या टोपलीशेजारी बसून शिकलोय. संस्थेकडून क्वार्टर मागितलं, मिळालं. वेगळी ओपीडी मागितली, मिळाली. भूल देणारा डॉक्टर शहरातून आठवड्यातून दोनदा यायला हवा म्हणालो, आला. सगळं कागदावर घेतलं. एकच गोष्ट कागदावर घेतली नाही. "दोन वर्षं काढा, सर्जरीचं प्रमुखपद तुमचंच," असं सचिव म्हणाले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. "फौजीची जबान आहे." निवृत्त सुभेदार होते ते. मी त्या हाताकडे पाहिलं आणि कागद मागायचं राहून गेलं. आयुष्यात कागदाशिवाय केलेला तेवढाच सौदा, आणि त्या सौद्याच्या जागी दोन वर्षांनी एसटीतून होल्डॉल उतरला.

सचिवांना मी नंतर धरलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "कर्नलसाहेब स्वतःहून यायला तयार झाले, तेही नाममात्र मानधनावर. आता नाही कसं म्हणणार?" मी म्हणालो, "मला जबान दिली होती." ते म्हणाले, "जबान तीच आहे हो. फक्त थोडं थांबा."

मी ठरवलं, थांबीन. पण या माणसाला सुखानं बसू देणार नाही.

अडचण अशी झाली की तो बसतच नव्हता. प्रमुखाची खोली त्यांनी ड्रेसिंगसाठी देऊन टाकली आणि व्हरांड्यात ती काडतुसांची पेटी ठेवून तिच्यावर बसायला लागले. पेटीत त्यांची स्वतःची हत्यारं होती, जुनी, घासून पातळ झालेली. ऑपरेशनला पांढरे गमबूट घालायचे आणि नंतर ते दोन काठ्यांवर उलटे करून उन्हात टांगायचे. त्या गमबुटांवरून आख्ख्या दवाखान्याला कळायचं की साहेबांचं आजचं काम संपलं. चहात साखर चालायची नाही. गुळाचा खडा दातात धरून वरून कोरा चहा. सकाळी सहाला राउंड. त्यांची पावलं ऐकली की म्हातारे जवान खाटेवर पडल्या पडल्या ताठ व्हायचे. एक पाय नसलेला नाईक झोपूनच सलाम ठोकायचा. माझ्या राउंडला हेच लोक कूस बदलून झोपायचे.

मी पहिली मागणी ठेवली ऑपरेशनच्या वारांची. आठवड्यात मोठ्या ऑपरेशनचे दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. मी आठवडाभर तयारी केली. मंगळवार मागायचा, ते नाही म्हणणार, मग मी दोन्ही वारांच्या अर्ध्या अर्ध्या यादीवर येणार, मग शेवटी शुक्रवार पूर्ण माझा, असा हिशोब. पेटीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मंगळवार मला पाहिजे."

"घ्या," ते म्हणाले.

मी म्हणालो, "पित्ताशयाच्या केसेस पण."

"घ्या. शुक्रवारही घ्या. मला गळवं आणि हायड्रोसील द्या, बसून होतात."

भाव करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त चीड कशाची येते ठाऊक आहे? पहिल्याच भावाला "घ्या" म्हणणाऱ्याची. माल हातात येतो आणि आपण जिंकलो असं वाटतच नाही. रस्त्यानं घरी येताना मी दोनदा थांबून विचार केला की यात काय फसवणूक असेल. काही सापडली नाही. त्याचाच जास्त राग आला.

मोठ्या केसेस माझ्या झाल्या. पण ते समोर उभे राहायचे, माझे असिस्टंट म्हणून. "आज मी खालचा," असं म्हणायचे आणि हूक धरायचे. मी बुटका आहे. तोवर मी थिएटरात लाकडी पाटावर उभा राहून ऑपरेशन करायचो, कारण टेबल आधीच्या उंच डॉक्टरच्या मापाचं होतं आणि वर-खाली करायचा त्याचा दांडा गंजून बसला होता. पहिल्याच मंगळवारी त्यांनी पाट पाहिला. दुसऱ्या मंगळवारी मी आलो तर पाट नव्हता. टेबल माझ्या कमरेला लागत होतं. शनिवार-रविवार बसून त्यांनी दांड्याला रॉकेल पाजून तो सोडवला होता. आणि मग तो सहा फुटांचा माणूस, कंबरेचा जुना आजार असलेला, तीन तास माझ्यासमोर वाकून उभा राहिला.

मी आभार मानले नाहीत. मला उपकार नको होते, मला खुर्ची पाहिजे होती.

आता भाषेचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

ते मूळचे साताऱ्याकडचे, पण जन्म छावण्यांत गेलेला. मराठी निम्मी, हिंदी निम्मी. इथली झाडीची बोली त्यांना अजिबात कळत नव्हती. त्यांनी एक लहान डायरी केली. खिशातून काढायचे आणि पेशंट जे बोलेल ते लिहून घ्यायचे. मले म्हणजे मला. कुठी म्हणजे कुठे. वारणं म्हणजे वाळणं. हे ठीक. पण "काऊन" म्हणजे "का" हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी आपलं धरलं की "काऊन" म्हणजे "कसा". आणि पहिल्या राउंडला एका म्हातारीच्या खाटेशी जाऊन मोठ्या आवाजात विचारलं, "काऊन हायस, माय?"

म्हातारी घाबरली. "काऊन हाय म्हंजे? देवानं ठेवलं म्हून हाय जी!"

आख्खा वॉर्ड हसला. मी त्यांना बाजूला घेऊन समजावून सांगितलं. मी इथला, मला अधिकार होता. त्यांनी डायरीत दुरुस्ती केली, माझे आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरोबर विचारलं, "कशी हायस, माय?" तर ती म्हातारी रुसली. "मले काऊन नाई इचारत आज? मले इचारा न जी, काऊन हायस म्हून." झालं. तेव्हापासून तो चुकीचा शब्द दवाखान्याचा नमस्कार झाला. "काऊन हायस?" "देवानं ठेवलं म्हून." सफाईवाल्यापासून सचिवापर्यंत. माझी बरोबर भाषा कोणालाच नको होती.

आणि खरं सांगायचं तर मी ती बोलतही नव्हतो. नागपूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षी वर्ग माझ्या "मले-तुले"वर हसला होता. त्या वर्षानंतर माझ्या तोंडून तो शब्द गेला नाही. पेशंट झाडीत बोलायचे, मी पुस्तकात उत्तर द्यायचो. हा परका माणूस माझ्या मायची बोली मोडून तोडून बोलायचा आणि लोक त्याच्या हाताला हात लावायचे.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय मी मुद्दाम मागे ठेवली आहे.

ऑपरेशन संपलं, आता पोट शिवायचं, अशा वेळी ते हात थांबवायचे आणि विचारायचे, "कोणाला काही खटकलं?" बरं, असं हवेत नाही. एकेकाला. आणि सगळ्यात खालच्यापासून. आधी गिरजाबाई, जी थिएटर पुसायची. मग वॉर्डबॉय. मग नर्स. मग भूलवाला. मग असिस्टंट. ऑपरेशन करणारा सगळ्यांत शेवटी. प्रत्येकानं "नाही" म्हटल्याशिवाय सुईत धागा ओवायचा नाही.

मी एकदा भडकलो. म्हणालो, "साहेब, गिरजाबाईला आतड्यातलं काय कळतं?"

ते म्हणाले, "तिला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. तुम्ही वर बघत असता."

"मग तिला शेवटी विचारा."

"वरचा आधी बोलला की खालचा मुका होतो."

मी वाद घातला, त्यांनी गूळ चघळला. खूप दिवसांनी, पेटीवर बसून हत्यारांना तेल लावताना, मी न विचारता त्यांनी मला एवढंच सांगितलं: "एक स्ट्रेचर उचलणारा पोरगा होता. त्यानं जवानाच्या पाठीवरची दुसरी जखम पाहिली होती. मी बोलत होतो. मी फार बोलायचो तेव्हा." आणि तेलाची चिंधी घडी करून ठेवली.

गिरजाबाईचं आणि माझं पहिल्या महिन्यापासून जमलं नव्हतं. जवानाची विधवा, म्हणून संस्थेनं कामावर घेतलेली. कपाळावर गोंदण, आवाज भसाडा. फरशी ओली ठेवली म्हणून मी तिच्यावर एकदा एवढा ओरडलो की भूलवाल्यानं थिएटरचं दार लावून घेतलं. ती पुसत पुसतच म्हणाली होती, "डाक्टरभाऊ, वरडल्यानं फरशी वारते का? वारत असंन त अजून वरडा." कर्नलसाहेब मास्कच्या आड हसले. मला डोळ्यांवरून कळलं.

सहावं वर्ष लागलं. त्यांचा करार पावसाळ्यानंतर संपणार होता. सचिव मला बघून आता खिडकीबाहेर बघायचे नाहीत, हसायचे. नागपूरचा एक विलायतेत शिकलेला सर्जन अर्ज करतोय अशी कुणकुण होती, पण सहा वर्षांच्या मोठ्या केसेस माझ्या हातच्या होत्या. या वेळी मी कागदही तयार ठेवला होता.

तेव्हा एक दुसरी म्हातारी आली. हवालदाराची आई, आमच्याच पट्ट्यातली, तलावाकाठची. दोन दिवस पोट दुखत होतं, उजवीकडे, खाली. ताप. मंगळवारची सकाळ, राउंडला आम्ही सगळे तिच्या खाटेभोवती. मी पोटाला हात लावणार तेवढ्यात तिनं माझं तोंड निरखून पाहिलं.

"तू तिचा पोट्टा न रे? सिंदेवाईच्या बाजारात मासोर्‍या इकत होती थे? तुय्या मायजवर बसत होती मी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नर्सा, वॉर्डबॉय, गिरजाबाई. मला नागपूरचा वर्ग आठवला. मी खाली बघून विचारलं, "काय होतंय आजी, नेमकं सांगा."

"काटा हाय जी पोटात. काटा..."

"बरं, बरं." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. केसपेपरवर लिहिलं: टोचल्यासारखं दुखतं, उजव्या बाजूला. पोट दाबलं. अपेंडिक्सची खूण अगदी बरोबर जागी. एक्स-रेत काही नव्हतं. "अपेंडिक्स. आजच घेऊ," म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

कर्नलसाहेब तिथंच थांबले होते. वाकून विचारत होते, "काटा? कुठी, माय?" तिनं बोट ठेवून दाखवलं. त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं.

अकरा वाजता पोट उघडलं. ते समोर, खालचे. अपेंडिक्स लालसर होतं. काढलं. आजूबाजूला थोडं गढूळ पाणी होतं. एवढ्याशा लाल अपेंडिक्सला एवढं पाणी? हे मलाही खटकलं. पण भूलवाल्याला शहरात दुसरी केस होती, तो घड्याळ बघत होता, आणि मला त्या खाटेपासून, त्या बाजाराच्या आठवणीपासून लांब जायचं होतं. मी म्हणालो, "शिवू या."

कर्नलसाहेबांनी हूक सोडला नाही.

"साहेब, हूक काढा."

ऑपरेशन माझं, तेव्हा प्रश्न मी विचारायचा होता. मी ते कधी मनापासून केलं नव्हतं, नुसतं पुटपुटायचो. त्या दिवशी पुटपुटलोही नव्हतो.

"विचारतो! विचारतो!" मी चिडून म्हणालो. "काय, गिरजाबाई? खटकलं काही तुला? बोल."

ती कोपऱ्यात बादलीजवळ उभी होती. हातातलं फडकं तिनं बादलीत टाकलं. मग म्हणाली, "डाक्टरभाऊ, थे बाई काटा बोल्ली. तुमी काट्याचं लिवलंच नाई."

"लिहिलंय. टोचतं म्हणून लिहिलंय."

"टोचते नाई जी. काटा. रोहूचा काटा गिरला तिनं. वर भाताचा गोळा बी खाल्ला म्हने, पर नाई गेला. तुमी गेल्यावर मले सांगतलं तिनं."

माझे हात पोटात होते आणि मला माझी माय दिसली. घशात काटा अडकला की ती कोरड्या भाताचा गोळा करून गिळायला लावायची. पोट दुखलं की पहिला प्रश्न, "काटा गेला का रे?" आमच्या घरात काटा म्हणजे दुसरं काही असूच शकत नव्हतं. हे त्या थिएटरात फक्त मला ठाऊक असायला हवं होतं. मी माझ्याच भाषेचं भाषांतर करून टाकलं होतं.

मी आतडं बाहेर घेतलं आणि वीत वीत बघत गेलो. लहान आतडं मोठ्याला जिथं मिळतं त्याच्या थोडं अलीकडे, चरबीच्या आड, तो होता. बोटाच्या दोन पेरांएवढा, पिवळट, आतड्याच्या भिंतीतून टोक बाहेर काढून. मी तसंच शिवून टाकलं असतं तर ती आठवडाही काढती ना.

छिद्र शिवलं, पोट धुतलं. मग मी पुन्हा विचारलं, खालपासून वरपर्यंत, एकेकाला. या वेळी मोठ्यानं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. ते गमबूट काठीवर लावत होते. "तुम्हीही काटा ऐकला होता. मग आधी का बोलला नाहीत? माणूस गेला असता तर?"

ते शरमल्यासारखे झाले. डायरी काढून माझ्यापुढे धरली. त्यात लिहिलं होतं: काटा, म्हणजे टोचल्यासारखं दुखणं. पुढे कंसात, डॉक्टरसाहेबांच्या मते. आणि एक मोठं प्रश्नचिन्ह.

"मला वाटलं, तुमच्याकडे काटा म्हणजे दुसरं काही असेल," ते म्हणाले. "तुम्ही इथले."

त्यांनी मला शिवी दिली असती तर मी परत दिली असती. याला काय द्यायचं?

म्हातारी बारा दिवसांत घरी गेली. जाताना तिनं कर्नलसाहेबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि माझ्या गालाला हात लावला. दवाखानाभर एकच वाक्य झालं, "कर्नलसायबानं काटा काढला." काढला मी. माझ्या चिमट्यानं. पण कोणी ऐकायलाच तयार नव्हतं. आणि आपल्या भाषेत काटा काढण्याचा दुसराही एक अर्थ आहे. करार संपायला दोन महिने उरले होते, आणि मला वाटायला लागलं की आता निघणार तो काटा मीच.

संस्थेची निवड कमिटी बसायच्या आदल्या दिवशी सचिवांनी निरोप दिला: कर्नलसाहेबांनी अट घातली आहे. प्रमुख निवडण्याआधी विभागातल्या प्रत्येकाला आत बोलावून एकेकट्यानं विचारायचं की या डॉक्टरला प्रमुख केलं तर काही खटकतं का. सगळ्यात खालच्यापासून.

मी तसाच व्हरांड्यात गेलो.

"ही जागा मी झाडूवालीच्या मतावर घ्यायची?"

"नाही," ते पेटीवरून म्हणाले. "माझ्याही मतावर नाही. मी शेवटी बोलणार."

"मग तुम्ही आधी बोला."

"मी आधी बोललो तर सगळे तेच बोलतील."

"तेच तर पाहिजे मला!"

ते एवढे हसले की गुळाचा खडा खाली पडला. मी हसलो नाही. आठ वर्षं मी या दवाखान्यात पोटं उघडली होती, आणि माझं प्रमुखपद त्या बाईच्या तोंडात होतं जिच्यावर मी थिएटरभर ओरडलो होतो. मी म्हणालो, "दुसरं काहीही मागा. मंगळवार परत घ्या."

"मंगळवार दिलाय तुम्हाला. दिलेलं मी परत घेत नाही."

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात उभा होतो. गिरजाबाई पदर सारखा करून आत गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. पाच मिनिटांत बाहेर आली आणि बादली उचलून चालती झाली. मग वॉर्डबॉय, मग नर्सा, मग भूलवाला. त्यांच्या तोंडावरून काही कळेना. चार वाजता मला आत बोलावलं आणि सचिवांनी कागद पुढे केला. नेमणुकीचा. सहीसकट. मी दोनदा वाचला.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

सचिव कर्नलसाहेबांकडे बघायला लागले. त्यांनी होकारार्थी मान डोलावली. सचिवांनी मिनिटबुक उघडलं आणि तिच्याच शब्दांत लिहिलेलं वाचून दाखवलं: "खटकते न जी. लय खटकते थो मानूस. चिडते, वरडते. पर त्या दिशी मी बोलली त त्यानं आयकलं. पोट उघडं ठेवून आयकलं. राहू द्या त्याले."

"आणि कर्नलसाहेब काय म्हणाले?"

"ते म्हणाले, बाई बोलल्या तेच लिहा."

म्हणजे ज्या जागेसाठी मी आठ वर्षं झगडलो, ती शेवटी मला त्यांच्याच सवयीनं दिली. माझ्या हातानं नाही, माझ्या कागदानं नाही. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

ते आले तसेच गेले, एसटीनं. स्टँडपर्यंत पेटी मी उचलली. अर्धा दवाखाना मागे होता, तो पाय नसलेला नाईकही कुबड्यांवर. मला काहीतरी मागायचं होतं, सौदा पुरा करायला. मी म्हणालो, "पेटी ठेवून जा."

"घ्या," ते म्हणाले आणि हत्यारं होल्डॉलमध्ये भरायला बसले, तिथंच, धुळीत.

"राहू द्या, पेटी नको. डायरी द्या."

त्यांनी खिशावर हात ठेवला. "ती नाही."

"का? त्यातलं एकही तुमचं नाही. सगळे आमचे शब्द आहेत."

"म्हणूनच नाही," ते म्हणाले. सहा वर्षांत मागितलेल्या वस्तूला त्या माणसानं मला पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि माझी खात्री पटली की त्यांच्याकडे खरोखर किमतीचं जे काही होतं ते घेऊन ते चालले आहेत. माझ्या मायची बोली, खिशात घालून, साताऱ्याला.

एसटीच्या खिडकीतून त्यांनी ओरडून विचारलं, "काऊन हायस, डॉक्टर?"

सगळे हसले. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. मी दिलं नाही.

पुढच्या मंगळवारी प्रमुख म्हणून माझं पहिलं ऑपरेशन. पित्ताशय, सरळ केस, तासाभरात उरकली. समोर नवा असिस्टंट होता, टेबल माझ्या मापाचं होतं. मी हात थांबवले आणि विचारलं, "कोणाला काही खटकलं?" नियमाप्रमाणे कोपऱ्याकडे बघून.

गिरजाबाई बादलीला टेकून उभी होती.

"खटकलं जी," ती म्हणाली.

मी आत बघितलं, पुन्हा बघितलं. सगळं कोरडं, स्वच्छ. "काय खटकलं?"

"कर्नलसाब नाई."

असिस्टंट खाली बघत होता. मला ओरडता आलं असतं, फरशीवरून, बादलीवरून, कशावरूनही. मी तिच्याकडे बघितलं आणि कैक वर्षांनी माझ्या तोंडून आलं, "थे मलेबी खटकते, बाई. थे सोडून?"

तिनं टेबलाकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"थे सोडून काई नाई," ती म्हणाली. "शिवा."